टल्साला गेलेलं विमान

"विमान पुन्हा टल्साला गेलं," वेंडेलकाका म्हणाला आणि हुकमाचा एक्का टाकावा तसा त्याने मोबाइल टेबलावर उताणा ठेवला.

आमच्या गावच्या सहकारी धान्यगोदामात वजनकाट्याच्या खिडकीमागे एक लांब टेबल आहे. मका कापून झाला की नोव्हेंबरभर गावातली बरीच माणसं सकाळी तिथे कॉफी पितात. कॉफी कोण पाजणार हे फासे टाकून ठरतं. बाकी सगळं नुसतं बोलून ठरतं. वेंडेलकाका माझ्या बाबांचा मोठा भाऊ. उभी हयात त्याने शेतांवर औषध फवारणारं पिवळं विमान चालवलं. आता गुडघे गेले, विमान विकलं, म्हणून तो मोबाइलवर दुसऱ्यांची विमानं बघतो.

त्या मोबाइलवर नकाशा होता आणि नकाशावर एक बारीक रेघ. रेघेचं एक टोक लोरिंगला, म्हणजे आमच्यापासून तासाभरावर, जिथे लोरिंग स्टेट विद्यापीठ आहे. दुसरं टोक ओक्लाहोमा राज्यातल्या टल्साला. विमान विद्यापीठाचं, आणि टल्साला ग्रेट कॉन्टिनेंटल गटाचं मुख्य कार्यालय.

"झालं," टेबलापलीकडे बसलेली गावातली आर्लिस म्हणाली. "लग्न ठरलं म्हणायचं."

"साखरपुडा गेल्या आठवड्यातच झाला. तेव्हाही विमान तिथेच होतं."

"मुलगी कोण, मुलगा कोण?"

"आपण मुलगी. हुंडा आपल्याला मिळणार."

"मग आपण मुलगा, वेंडेल. इतकी वर्षं संसार केलास, एवढं कळत नाही?"

आमच्याकडे विद्यापीठांचे खेळांचे गट असतात. एका गटातले संघ दरवर्षी एकमेकांशी खेळतात. कोण कोणाचा शत्रू, कोणत्या शनिवारी कुठल्या गावाला जायचं, हे सगळं त्यावरून ठरतं. लोरिंग आमच्या आजोबांच्या आधीपासून प्रेअरी गटात आहे. पण गेली काही वर्षं मोठे गट लहान गटांतली चांगली विद्यापीठं एकेक करून उचलतात, आणि उचलण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कुणी काही बोलत नाही. त्यामुळे अंदाज बांधण्याखेरीज आमच्या हातात काही उरत नाही, आणि ते आम्ही मन लावून करतो.

"काका, कुस्तीचं काय?"

हे ब्रिनने विचारलं. ब्रिन माझी धाकटी बहीण, शाळेच्या शेवटच्या वर्षाला. शनिवार होता. आईने भाजून पाठवलेला कूखेन केक घेऊन ती माझ्याबरोबर आली होती आणि टेबलाच्या टोकाला उभ्यानेच ऐकत होती.

काकाने मोबाइल उचलून खिशात घातला. आर्लिस कॉफीत साखर ढवळायला लागली. ती साखर घेत नाही.

ब्रिन कुस्ती खेळते. आमच्या राज्यात तिच्या वजनात तिच्यासारखा एकेरी पट काढणारी, एकाच पायाला धरून पाडणारी दुसरी मुलगी नाही. हे मी भाऊ म्हणून सांगत नाही, हरलेल्या मुलींचे भाऊही हेच सांगतात. लोरिंगच्या मुलींच्या कुस्ती संघाने तिला शिष्यवृत्ती देऊ केली होती. पेनसिल्व्हेनियातल्या व्हिटकर नावाच्या एका छोट्या कॉलेजनेही दिली होती. येत्या बुधवारी शाळेच्या जेवणघरात, सगळ्यांसमोर, तिला दोघांपैकी एका कागदावर सही करायची होती. तिला लोरिंग हवं होतं, कारण तिथे कोच क्वाम होती. पण ग्रेट कॉन्टिनेंटल गटात मुलींची कुस्तीच नाही. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या राज्यातलं विद्यापीठ त्या गटात गेलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात त्याने कुस्ती आणि पोहणं दोन्ही बंद केलं. देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवर फुटबॉलचा संघ न्यायचा म्हणजे कुठेतरी कात्री लावावी लागतेच.

"सांगा ना," ब्रिन म्हणाली. "आत्तापर्यंत तर सगळं माहीत होतं."

"अगं बाळा, कुस्तीवाल्यांचं विमान नसतं," काका म्हणाला. "त्यांचं मला कसं कळणार?"

परत जाताना गाडीत ती बराच वेळ बाहेर बघत होती. कापलेल्या मक्याच्या खुंटांवर बर्फ नव्हता, नुसतं दहिवर होतं.

"तू शास्त्रज्ञ ना?" ती म्हणाली.

"मी बियाणं तपासतो."

"म्हणजे शंभर दाण्यांतले किती उगवतील ते सांगतोस. मग हे सांग. लोरिंग जाणार की राहणार? टक्के सांग."

"दाणे माझ्यासमोर असतात, ब्रिन. इथे माझ्यासमोर काका आहे."

ती हसली नाही. "व्हिटकरला कुस्ती नक्की आहे. पण तिथल्या कोचला मी फोनवर दोनदा भेटलेय, बस्स. कोच क्वामकडे मी बारा वर्षांची असल्यापासून उन्हाळ्यात शिकायला जातेय. चुकीची सही केली तर एक तर कोच जाईल, नाही तर कुस्ती. बुधवारच्या आत मला कळायला हवं."

मी तिला शब्द दिला की निदान काय माहीत आहे आणि काय नाही, एवढं मी वेगळं करून देईन.

टेबलावर जमलेल्या खुणा पाच होत्या. एक, विमान. दोन, लोरिंगच्या बास्केटबॉलच्या मैदानाची लाकडी जमीन नुकतीच घासून रंगवली होती, पण गटाचं चिन्ह असतं तिथे नुसतं कोरं लाकूड सोडलं होतं. तीन, पुढच्या वर्षीच्या फुटबॉल वेळापत्रकात ऑक्टोबरमधला एक शनिवार रिकामा होता. चार, आर्लिसच्या भाचीने कोच क्वामला सू फॉल्सच्या विमानतळावर कोट घालून उभं असलेलं पाहिलं होतं, आणि क्वामबाईंनी कोट घातलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. पाच, ओक्लाहोमात राहणाऱ्या आर्लिसच्या जावयाला तिकडच्या एका माणसाने छातीठोकपणे सांगितलं होतं की लोरिंग येतंय.

पाच खुणा एकाच दिशेला बोट दाखवत असतील तर कुणालाही वाटेल, आता शंका कसली? मलाही वाटलं. पण आमच्या प्रयोगशाळेत औषध लावलेल्या बियाण्याच्या ट्रेशेजारी बिनऔषधाचा ट्रे नेहमी ठेवतात. औषधाने कोंब जोरात आले असं म्हणण्याआधी, औषध नसतं तर काय झालं असतं हे बघावं लागतं. टल्साच्या बाबतीत हा दुसरा ट्रे कुणी पाहिलाच नव्हता.

तो पाहणं सोपं होतं. ज्या संकेतस्थळावर काका आजची विमानं बघायचा, तिथेच जुन्या वर्षांच्या नोंदीही होत्या. मी दुपारी त्याच्या स्वयंपाकघरात बसून मागच्या वर्षीचा नोव्हेंबर उघडला. विमान टल्साला. त्याच्या आधीचा नोव्हेंबर उघडला. टल्साला. त्याही आधीचा, जेव्हा ग्रेट कॉन्टिनेंटलने लोरिंगचं नावही घेतलं नव्हतं, तेव्हाही टल्सालाच. दर वेळी विमान जायचं, काही दिवस तिथेच थांबायचं आणि परत यायचं.

"काका, हे बघ. हे उतरल्यावर कुठे थांबतं?"

त्याने चष्मा लावला आणि नकाशा दोन बोटांनी मोठा केला. विमान प्रवासी इमारतीकडे गेलंच नव्हतं. धावपट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला लांबट छपरांची रांग होती, तिथे ती रेघ संपत होती.

काकाने चष्मा काढला.

"वर्षाची तपासणी," तो म्हणाला. "इंजिन खोलतात. मीसुद्धा माझं विमान दर नोव्हेंबरला खोलायचो, फवारणी संपली की."

"मग या वेळी दोनदा का गेलं?"

"काहीतरी नीट बसलं नसेल, म्हणून परत नेलं. माझंही व्हायचं." तो खिडकीबाहेर बघत राहिला. तिथे पूर्वी विमानाची शेड होती, आता काकूचे कोबीचे वाफे आहेत. "च्यायला. मला कळायला हवं होतं रे. इतर कुणाला नाही तरी मला."

"तुला कळलं असतं, पण लोरिंगने जावं असं तुला वाटत होतं."

"हो, वाटत होतं," त्याने कबूल केलं. "आयुष्यात एकदा लोरिंगला मोठ्या माणसांशी खेळताना बघायचंय." आणि लगेच त्याचे डोळे पुन्हा बारीक झाले. "पण टोबिन, तपासणीला जाणाऱ्या विमानात विद्यापीठाचे अध्यक्ष बसून गेले नसतील कशावरून? कुणाला संशयही येणार नाही!"

मी बाकीच्या खुणांकडे वळलो.

आर्लिसला आम्ही काकाकडेच बोलावलं, आणि तिने स्पीकर लावून जावयाला फोन केला. त्याला ज्या माणसाने सांगितलं होतं, त्या माणसाने ते लोरिंगच्या चाहत्यांच्या इंटरनेटवरच्या चर्चामंचावर वाचलं होतं. लिहिणाऱ्याचं तिथलं नाव होतं 'पिवळा पंख'.

"हा कोण पिवळा पंख?" आर्लिसने विचारलं. मी काकाकडे पाहिलं. काका छताकडे बघत होता.

"वेंडेल!" आर्लिस ओरडली. "म्हणजे तू इथे बोललास, ते तिकडे ओक्लाहोमात जाऊन माझ्याच जावयाकडून माझ्याकडे परत आलं? आणि मी तुलाच येऊन सांगितलं की बघ, तुझं खरं आहे!"

"तेव्हा मला किती बरं वाटलं होतं," काका म्हणाला.

लाकडी जमीन रंगवणारे पावेल्का आमच्याच चर्चचे. रविवारी प्रार्थनेनंतर मी त्यांना गाठलं. त्यांना विद्यापीठाकडून कसलीही सूचना आली नव्हती. "सगळेच म्हणतायत जाणार, मग मी विचार केला, आज एक चिन्ह काढा, उन्हाळ्यात घासा, दुसरं काढा. मीच त्यांना म्हटलं, जरा थांबू या का? ते म्हणाले, थांबा." सगळे म्हणतायत म्हणजे कोण, असं विचारल्यावर ते म्हणाले, "अरे, तुझाच काका. त्याला विमानांतलं कळतं."

म्हणजे साक्षीदार पाच असले तरी त्यातल्या तिघांचे डोळे एकच होते, आणि त्या डोळ्यांनी इंजिनची तपासणी पाहिली होती. रिकाम्या शनिवाराचं मात्र मला काही कळलं नाही. दरवर्षी त्या शनिवारी ज्या विद्यापीठाशी सामना असायचा तिथे मी सोमवारी सकाळी फोन केला. त्यांनी मला फार सभ्यपणे दुसऱ्या विभागाकडे पाठवलं, त्या विभागाने तिसऱ्याकडे, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. ती खूण अजूनही तशीच उभी आहे. काही दाणे का उगवत नाहीत हे शेवटपर्यंत कळत नाही, तसं.

त्याआधीच, रविवारी संध्याकाळी, काकाने प्रामाणिकपणे मंचावर लिहिलं: 'विमान वार्षिक तपासणीला गेलं होतं. माझा अंदाज चुकला.'

उरली चौथी खूण, कोचचा कोट. त्यासाठी सोमवारी दुपारी मी आणि ब्रिन लोरिंगला गेलो.

कुस्तीची खोली जुन्या क्रीडागृहाच्या तळघरात आहे. दारातच घामाचा आणि जंतुनाशकाचा मिळून येणारा तो वास आला. ब्रिनने सवयीने बूट काढले, पण ती मॅटच्या कडेलाच थांबली. सही होण्याआधी तिने संघाबरोबर मॅटवर उतरणं नियमात बसत नाही. आत मुली जोड्यांनी सराव करत होत्या. ब्रिनच्या वजनाची, पाठीवर सहा नंबर असलेली एक मुलगी दुसरीचा पाय पकडून तिला गोल फिरवत होती, आणि ब्रिनचा उजवा खांदा आपोआप तिच्याबरोबर हलत होता.

कोच मारित क्वाम आमच्याकडे आली. बुटकी, रुंद खांद्यांची बाई. पैलवानाचे असतात तसे मोडलेले, सुजून घट्ट झालेले कान.

"कोच, एक विचारू?" ब्रिन म्हणाली. "तुम्ही सू फॉल्सच्या विमानतळावर कोट घालून कुठे निघाला होतात?"

कोचने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग दार लोटून घेतलं.

"ओहायोला. मुलाखत होती. त्यांनी मला जागा देऊ केलीय, गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचंय. तुला मी स्वतःच सांगणार होते."

"का पण?"

"कारण इथला संघ बंद होणार असं ऐकलं. मलाही पोट आहे."

"कोणी सांगितलं?" मी विचारलं.

ती जराशी ओशाळली. "मंचावर एक जण आहे. मी एरवी तसलं वाचत नाही. पण त्या माणसाला विमानांमधलं खरंच कळतं. पिवळा पंख म्हणून."

मला हसू आवरेना. ब्रिनला अजिबात आलं नाही. "तो आमचा काका आहे," ती म्हणाली.

मग मी सगळं सांगितलं: जुने नोव्हेंबर, लांबट छपरांची रांग, आर्लिसचा जावई, पावेल्कांची कोरी जमीन. कोच हाताची घडी घालून ऐकत होती.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "मी बहिणीचा कोट मागून घेतला, दोन विमानं बदलली, ओहायोत जाऊन तीन तास हसतमुख बसले, कारण तुमच्या काकाने एका विमानाचं ऑइल बदलताना पाहिलं?"

"त्याने काल चूक कबूल केलीय. मंचावर लिहिलंय."

"ते वाचलं मी. ते वाचून तर माझी खात्रीच पटली. म्हटलं, कुणीतरी वरून याला गप्प केलं."

आता मात्र ब्रिनही हसली. कोचही हसली आणि मॅटच्या कडेला मांडी घालून बसली.

"अध्यक्षांना थेट विचारलंत का?" मी म्हणालो.

"विचारलं. म्हणाले, कसलीही बोलणी चालू नाहीत. गेल्या वर्षी शेजारच्या विद्यापीठाचे अध्यक्षही हेच म्हणाले होते, आणि पंधरवड्यात ते विद्यापीठ त्या गटात गेलं."

ते बरोबर होतं. जायचं असो वा नसो, अध्यक्ष तेच बोलणार. दोन्ही वेळा सारखंच येणारं उत्तर ऐकून हाती काही लागत नाही. आणि माझ्या शोधाचंही तेच होतं. काकाचा पुरावा पोकळ आहे एवढंच मी दाखवलं होतं. त्यावरून लोरिंग जाणार नाही असं सिद्ध होत नव्हतं. मी हे बोलून दाखवलं, कारण ब्रिनने उद्या असं म्हणायला नको होतं की टोबिनने सांगितलं म्हणून सही केली.

"अजून एक आहे," कोच म्हणाली. "या मोसमात मला चार मुली हव्या होत्या. चौघींनीही मला हेच विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. दोघी दुसरीकडे गेल्या. पुढच्या वर्षी माझ्याकडे मुलीच नसल्या, तर संघ बंद करायला त्यांना गट कशाला बदलायला हवा? असाच बंद करतील. कुणाला दोषही देता येणार नाही."

खोलीत मुलींच्या बुटांचा रबरी आवाज येत होता. मला पहिल्यांदा नीट दिसलं की गोदामातल्या टेबलावर काय झालं होतं. बातमी खोटी होती. पण ती ऐकून दोन मुली खरोखरच गेल्या होत्या, कोच खरोखरच जायला निघाली होती, आणि अजून थोडे दिवस असंच चाललं तर बातमी आपल्या पायांवर उभी राहिली असती. बियाण्यात असं होत नाही. मी दाण्याबद्दल काय म्हणतो हे दाण्याला ऐकू जात नाही.

"शिष्यवृत्तीचं काय?" मी विचारलं. "संघ बंद झाला तर?"

"शिक्षण पूर्ण होईपर्यंत चालू राहते. तसं करारात लिहिलेलं असतं. पण ही काय पुस्तकं वाचायला येणार आहे का?"

"थोडी वाचेन," ब्रिन म्हणाली. मग ती कोचसमोर खाली बसली, मॅटच्या अलीकडे, नियम पाळून. "कोच, तुम्ही थांबणार का?"

"तू सही करणार का?"

"तुम्ही थांबलात तर."

"आणि मी थांबावं, तर मुली हव्यात."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तुम्हीच शिकवलंत ना," ब्रिन म्हणाली, "दोघी नुसत्या वाट बघत फिरत राहिल्या, तर पंच दोघींनाही ताकीद देतो."

"देतो."

"मग मी आधी आत शिरते. बुधवारी मी इथली सही करणार. तुम्ही ओहायोला गेलात तरी करणार. तुमचं तुम्ही ठरवा."

"ब्रिन, तसं करू नकोस. मी तुला काही वचन देऊ शकत नाही."

"मी मागितलं का?"

कोचने आपला मोडलेला कान चोळला आणि ती उठून मुलींकडे गेली. "कोपर आत!" ती कुणावर तरी खेकसली. नेहमीपेक्षा जरा जास्तच जोरात.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "तुला टक्के हवे होते. अजूनही माझ्याकडे नाहीत."

"नकोत आता," ब्रिन म्हणाली. तिने पाय वर घेऊन गाडीच्या डॅशबोर्डवर टेकवले. एरवी मी ओरडलो असतो. "मी चुकीचं काहीतरी विचारत होते. लोरिंग पुढे कुठे जाईल हे ना तुला कळणार, ना काकाला, ना अध्यक्षांना. मला एवढंच बघायचं होतं की ते जाईपर्यंत रोज दुपारी मला खाली पाडायला कोण आहे. ती सहा नंबरची मुलगी बघितलीस? ती मला पाडेल."

"म्हणून तुला जायचंय?"

"व्हिटकरमध्ये मला कुणी पाडणार नाही रे. त्यांचे व्हिडिओ बघितलेत मी."

"आणि कोच गेली तर?"

"तर मी रडेन," ती म्हणाली. "पण रडून झालं की सहा नंबर असेलच."

बुधवारी शाळेच्या जेवणघरात एका टेबलावर शाळेच्या रंगाचं कापड अंथरलं होतं आणि त्यावर दोन टोप्या ठेवल्या होत्या, एक लोरिंगची पिवळी आणि एक व्हिटकरची हिरवी. आईने केस सेट केले होते. काका टाय लावून आला होता आणि कुणी विमानाचा विषय काढू नये म्हणून भिंतीला टेकून उभा होता. आर्लिस त्याला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला म्हणाली, "टाय तपासणीहून आलेला दिसतोय." कॉलेजच्या कोचना या समारंभाला येता येत नाही, त्यामुळे क्वाम नव्हती.

ब्रिनने उगाच हात हिरव्या टोपीवर नेला, आईचा चेहरा पाहिला, आणि पिवळी टोपी उचलून डोक्यावर घातली. टाळ्या झाल्या. तिने सही केली. मी कॅमेऱ्याऐवजी तिच्या हाताकडे बघत होतो, म्हणून फोटो हलले.

दुपारी कोचचा फोन आला. आणखी एका मुलीने सही केली होती, नॉर्थ डकोटातली. ब्रिन ऐकत होती, हं, हं म्हणत होती. शेवटी ती म्हणाली, "आणि ओहायो?" मग तिने फोन कानापासून लांब धरला, इतकी कोच पलीकडून ओरडत होती. वाक्य कळलं नाही, पण सूर कळला. फोन ठेवून ब्रिन म्हणाली, "कोट बहिणीला परत केला म्हणे."

शनिवारी सकाळी टेबल पुन्हा भरलं. ब्रिन माझ्याबरोबर होती. काकाने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. मंचावर कुणीतरी नवीनच लिहिलं होतं. 'ज्या विद्यापीठाला कुस्ती बंद करायची असते, ते एका आठवड्यात दोन कुस्तीगीर मुलींच्या सह्या घेत नाही. कोचने बाहेरची चांगली जागा नाकारलीय. तिला आतून काहीतरी नक्की कळलं असणार. लोरिंग कुठेही जात नाही. बोलणी फिसकटली.'

"हा माणूस आतला दिसतो," काका म्हणाला.

"मी आधीपासून म्हणत होते," आर्लिस म्हणाली. "राहणारच."

"तू? तू तर लग्न लावून मोकळी झाली होतीस!"

"लग्नं मोडतात, वेंडेल."

मी तो मजकूर पुन्हा वाचला. त्यातली प्रत्येक गोष्ट खरी होती. सह्या झाल्या होत्या, कोचने नकार दिला होता. फक्त त्यामागे आतलं काहीही नव्हतं. होती ती माझी बहीण, जिला काहीच माहीत नव्हतं आणि जी तरीही आधी आत शिरली होती. तो सगळा पुरावा आत्ता माझ्या शेजारी बसून उकडलेलं अंडं मीठ न लावता खात होता. मंचावर खाली प्रतिक्रिया भराभर वाढत होत्या. नॉर्थ डकोटातल्या कुणाच्या तरी वडिलांनी विचारलं होतं की मग आमच्या धाकटीनेही इथेच यायला हरकत नाही ना?

मला त्याला उत्तर द्यावंसं वाटलं. सगळा क्रम नीट मांडावा, कुठली गोष्ट कुठून आली ते दाखवावं. मी बोट अक्षरांवर नेलं, आणि मला सुचेना की खरं लिहिलं तर कुणाचं भलं होईल.

"काय लिहितोयस?" ब्रिनने विचारलं.

"अजून ठरत नाहीये."

"मग नको लिहूस." तिने कवचं मुठीत गोळा केली. टेबलावरची सगळी माणसं तिच्याकडे बघत होती, गेल्या आठवड्यात नकाशाकडे बघत होती तशीच.

"मग काय, ब्रिन?" काका मान पुढे काढून म्हणाला. "आम्हाला तरी सांग. जाणार की राहणार?"

"काका, मला शाळेत सोडतोस का? आज सामने आहेत, वजन द्यायचंय."

काकाने चाव्या शोधायला खिसा चाचपला आणि गुडघ्यावर हात देत तो उठला.

"वजन किती आहे?" आर्लिसने हळूच विचारलं. "म्हणजे, नक्की आकडा सांग. आत्ताच खाल्लंस म्हणून विचारते. लोरिंगला तुला याच वजनात ठेवणार की वरच्या वजनात नेणार?"

पण तोवर ब्रिन दाराबाहेर गेली होती.